अंदमान: एका कोठडीपलीकडचा तुरुंग

गुरुवार

चेन्नईहून सकाळी निघालेले विमान दोन-सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअरला उतरले. राजबंद्यांना घेऊन येणाऱ्या ‘महाराजा’ बोटीला हेच अंतर कापायला काही दिवस लागायचे, आणि ते सगळे दिवस कैदी खालच्या तळात, बेड्यांसकट. शहराचे अधिकृत नाव 2024 पासून श्री विजयपुरम झाले आहे, पण टॅक्सीवाले, हॉटेलवाले, भाजीवाले सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणतात. मीही तेच नाव वापरतो.

विमानतळाला सावरकरांचे नाव आहे. आपण मराठी माणसे अंदमानला येतो तीच मुळी एका कोठडीसाठी. आमच्या विमानात निम्मी मंडळी मराठी होती आणि प्रत्येकाच्या तोंडी तीच कोठडी. मलाही ती पाहायचीच होती, लहानपणापासून. सोबत माझी मावशी होती. हयातभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. तिने निघतानाच बजावले होते, “नुसता फोटो काढून परत यायचं नाही हं. सगळं नीट बघायचं.”

संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम सुरू व्हायला वेळ होता, म्हणून सेल्युलर तुरुंगासमोरच्या बागेत गेलो. तिथे सावरकरांच्या पुतळ्याबरोबर आणखी सहा पुतळे आहेत: इंदुभूषण रॉय, बाबा भानसिंग, पंडित रामरखा, महावीरसिंह, मोहनकिशोर नमोदास, मोहित मोइत्र. सहाही जण या तुरुंगातून जिवंत बाहेर पडले नाहीत. इंदुभूषणांनी 1912 मध्ये कोठडीत गळफास घेतला. गदर चळवळीतले भानसिंग मारहाणीनंतर गेले. रामरखांचे जानवे काढून घेतले, तेव्हा त्यांनी अन्न सोडले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. उरलेले तिघे 1933 च्या उपोषणात गेले.

“पाठ्यपुस्तकात यांच्यातला एकही नव्हता रे,” मावशी म्हणाली, आणि प्रत्येक पुतळ्याखालची ओळ वहीत उतरवून घेऊ लागली. पुढचे सगळे दिवस त्या वहीनेच ठरवले.

रात्रीच्या कार्यक्रमात आवारातला पिंपळ गोष्ट सांगतो. आवाज भारदस्त आहे, लोक भारावून ऐकतात. मला मात्र दिवसाउजेडी भिंती पाहायची घाई झाली होती.

शुक्रवार

दार उघडताच आत गेलो. गर्दी दहानंतर वाढते. त्याआधी वऱ्हांड्यात स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येतो.

हा तुरुंग बांधावासा का वाटला, हे आधी सांगायला हवे, कारण त्याशिवाय त्याची रचना कळत नाही. अंदमानात कैदी पाठवायला 1858 मध्ये सुरुवात झाली होती. तेव्हा तुरुंगाची इमारत नव्हती. भोवतालचा समुद्र हीच भिंत. कैद्यांनी जंगल तोडायचे, रस्ते करायचे, आणि बरीच वर्षे नीट वागल्यावर त्यांना ‘टिकट’ मिळायचे. मग जमिनीचा तुकडा कसावा, लग्नही करावे. तीस वर्षांनी सरकारच्या लक्षात आले की काळ्या पाण्याची भीती ओसरली आहे. हिंदुस्थानातल्या तुरुंगांतले कैदी उलट अंदमानच मागू लागले आहेत. 1890 मध्ये लायल आणि लेथब्रिज हे दोन अधिकारी पाहणीला आले आणि त्यांनी सुचवले, की नव्या कैद्याला सुरुवातीचे काही महिने एकांतात ठेवून कठोर शिक्षा द्यावी, मगच वसाहतीत सोडावे. त्या काही महिन्यांसाठी ही इमारत. 1896 मध्ये काम सुरू झाले, 1906 मध्ये संपले. बांधणारे हात कैद्यांचेच.

मधोमध टेहळणीचा मनोरा आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात तीन-मजली इमारती. जवळजवळ सातशे कोठड्या, आणि प्रत्येकीत एकच माणूस. पुष्कळांना एकत्र कोंडण्याची बराक इथे नव्हतीच. प्रत्येक इमारतीचे तोंड शेजारच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे गजांतून पाहिले तर समोर फक्त भिंत. मागे, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, एक झरोका. मनोऱ्यात उभा असलेला एक पहारेकरी सगळे वऱ्हांडे पाहू शकतो. कोठडीतला माणूस मात्र कुणालाच पाहू शकत नाही.

एका कोठडीत मी आत शिरलो आणि मावशीला बाहेरून दार ओढायला सांगितले. कडी दाराला लागूनच बसत नाही. ती बाहेरच्या भिंतीतल्या खोबणीत पुढे सरकवलेली असते. गजांतून खांद्यापर्यंत हात बाहेर काढला तरी बोटे तिथवर जात नाहीत. कुणीतरी बसून, मोजून, माणसाच्या हाताची लांबी लक्षात घेऊन ही कडी आखली असणार. सगळ्या तुरुंगात मला सर्वांत जास्त चीड या कडीची आली.

सामान्य कैद्याला काही महिन्यांनी या कोठडीतून सुटका होती. 1909 पासून जे राजबंदी येऊ लागले त्यांना ती मिळेना. माणिकतळा-अलीपूर बॉम्ब खटल्यातले बारींद्रकुमार घोष, उल्हासकर दत्त, हेमचंद्र दास, उपेंद्रनाथ बॅनर्जी आले. नाशिकहून बाबाराव सावरकर आले, कविता छापल्याबद्दल जन्मठेप घेऊन. ज्या शिक्षेची मुदत महिन्यांत मोजायची, तीच यांच्यासाठी वर्षांत मोजली गेली. खुनी, दरोडेखोर वसाहतीत मोकळे फिरत होते, त्यातलेच काही वॉर्डर, पेटी ऑफिसर, टिंडाल, जमादार होऊन या मंडळींवर काठी चालवत होते. तुरुंगाधिकारी डेव्हिड बारी हा आयरिश माणूस या साऱ्यांचा मुखत्यार.

कोलूची, म्हणजे तेलाच्या घाण्याची, शेड आवारात पुन्हा उभी केली आहे. लाकडी दांड्याला माणूस जुंपायचा आणि त्याने दिवसभर गोल फिरायचे. रोजचा नेम ठरलेला: खोबरेल असेल तर 30 पौंड, मोहरीचे असेल तर 10. भरले नाही तर मार, हातबेड्या, जेवण कमी. ज्यांना कोलू नाही त्यांनी नारळाचा छिलका कुटून काथ्या काढायचा. शिक्षेचे प्रकार काचेमागे मांडले आहेत: दंडाबेडी, आडवी बेडी, भिंतीतल्या खुंटीला वर हात अडकवून तासन् तास उभे करायची खडी बेडी, गोणपाटाचे कपडे. शौचाच्या वेळासुद्धा ठरलेल्या. रात्री कोठडीत मडके. हे वाचताना शेजारची मुले एकदम गप्प झाली होती.

उल्हासकर दत्तांना ताप असताना खडी बेडीत ठेवले. त्यातच त्यांचे भान हरपले. वेड्यांच्या इस्पितळात, मग मद्रासला पाठवले. हे 1912 सालचे, इंदुभूषण गेले त्याच सालचे. त्यानंतर नानीगोपाळ मुखर्जी या कोवळ्या पोराने अन्न टाकले आणि बाकीच्यांनी काम टाकले. एकमेकांचे तोंडही दिसू नये म्हणून बांधलेल्या इमारतीत संप झाला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. भिंतीवर टकटक करून, बेड्या वाजवून त्यांनी एकमेकांशी बोलायची भाषा तयार केली होती.

दुपारी तिसऱ्या मजल्यावर, टोकाच्या त्या कोठडीशी आलो. सावरकर 4 जुलै 1911 ला इथे आले, दोन जन्मठेपा म्हणजे 50 वर्षे घेऊन. वय अठ्ठावीस. या कोठडीला बाहेरून आणखी एक दार आहे. आत त्यांची तसबीर, कुणीतरी वाहिलेली ताजी फुले. थोरला भाऊ याच तुरुंगात आहे हे त्यांना बराच काळ ठाऊक नव्हते, इतकी ती पाठमोऱ्या भिंतींची रचना पक्की. कागद नाही म्हणून भिंतीवर काट्याने, खिळ्याने ओळी कोरायच्या, पाठ करायच्या, पुसायच्या. एक अख्खे दीर्घकाव्य असे तयार झाले. मावशीने चपला बाहेर काढल्या आणि बराच वेळ आत बसून राहिली.

तिथेच वऱ्हांड्यात दोन तरुण मुले सावरकरांच्या सुटकेच्या अर्जांवरून तावातावाने भांडत होती. अर्ज केले हे खरेच आहे. 1911 पासून 1920 पर्यंतचे अर्ज छापलेले आहेत, कुणीही वाचू शकतो. 1913 मध्ये गृहखात्याचे सर रेजिनाल्ड क्रॅडॉक तुरुंग पाहायला आले, तेव्हा बारींद्र वगैरेंनीही अर्ज दिले होते. 1919 च्या अखेरीस राजबंद्यांना माफी देणाऱ्या राजघोषणेनंतर बारींद्र, हेमचंद्र सुटले. सावरकर बंधू मात्र सुटले नाहीत. 1921 मध्ये दोघांना हिंदुस्थानात आणले ते पुन्हा तुरुंगातच. बाबाराव 1922 मध्ये मरणपंथाला लागल्यावर सुटले, विनायकराव 1924 मध्ये रत्नागिरी जिल्हा न सोडण्याच्या आणि राजकारणापासून दूर राहण्याच्या अटींवर. माझे म्हणणे एवढेच की अर्ज वाचावेत आणि कोलूही पाहावा. एक पाहून दुसऱ्याकडे पाठ फिरवणाऱ्याला या माणसाबद्दल बोलायचा फारसा अधिकार नाही, मग तो कुठल्याही बाजूचा असो.

मनोऱ्याच्या तळाशी संगमरवरी फलक आहेत, राजबंद्यांच्या नावांचे, कालखंड आणि प्रांत पाडून. आपल्याकडची नावे मोजकी आहेत: सावरकर बंधू, नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या खुनाच्या खटल्यातले वामन जोशी. पंजाबची रांग मोठी. गदरवाले सोहनसिंग भकना, भाई परमानंद त्यात आहेत. आणि बंगाल तर संपतच नाही. फलकामागून फलक बंगाल. मी नावे वाचायला सुरुवात केली आणि निम्म्यावर डोळे दुखू लागले. त्यातली बहुतेक 1932 नंतरची. 1921 मध्ये सरकारने राजबंदी इथे न पाठवायचे ठरवले होते. चितगावच्या शस्त्रागारावरील हल्ल्यानंतर तो निर्णय गुंडाळून पुन्हा बोटी भरल्या. अनंत सिंह, गणेश घोष, लोकनाथ बल आले. लाहोर खटल्यातले भगतसिंगांचे साथी आले, आणि असेंब्ली बॉम्ब खटल्यात जन्मठेप झालेले बटुकेश्वर दत्तही.

12 मे 1933 ला त्यांनी उपोषण सुरू केले. मागण्या काय, तर खाण्याजोगे अन्न, रात्री दिवा, वाचायला पुस्तके. तुरुंगाने नाकात नळी घालून दूध पाजायला सुरुवात केली. महावीरसिंह धिप्पाड होते, त्यांनी झुंज दिली. नळी चुकली, दूध फुप्फुसात गेले आणि 17 मेच्या रात्री ते गेले. त्याच महिन्यात नमोदास आणि मोइत्र तसेच गेले. तरीही उपोषण मोडले नाही. 46 दिवसांनी सरकार नमले, दिवे आले, पुस्तके आली. मग याच कोठड्यांमध्ये वर्ग भरू लागले. मार्क्स, इतिहास, अर्थशास्त्र. पुढे बंगालात आणि उत्तरेत कम्युनिस्ट चळवळीत नावारूपाला आलेले कितीतरी जण इथे शिकले. 1937 च्या जुलैत पुन्हा उपोषण झाले, या वेळी मायदेशी परत न्या म्हणून. गांधीजींच्या, रवींद्रनाथांच्या तारा आल्या. जानेवारी 1938 पर्यंत सगळे राजबंदी परत गेले.

सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. 1941 च्या भूकंपाने मनोरा आणि इमारती खिळखिळ्या केल्या, जपान्यांनी काही पाडल्या, आणि स्वातंत्र्यानंतर जागा मोकळी करून त्याच आवारात इस्पितळ बांधले गेले. उरलेलेही गेले असते. जुने राजबंदी, पांढऱ्या केसांचे, एकत्र येऊन सरकारशी भांडले, म्हणून ते वाचले. 11 फेब्रुवारी 1979 ला पंतप्रधान मोरारजी देसाईंनी तुरुंग राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केला. आपलाच तुरुंग पाडू नका म्हणून त्या म्हाताऱ्यांनी धरलेला हट्ट ही माझ्या दृष्टीने त्यांची शेवटची लढाई.

शनिवार

सकाळी जेट्टीकडे जाताना ॲबरडीनच्या लढाईचे स्मारक लागते. फारसे कुणी थांबत नाही. ही बेटे ज्यांची होती त्या अंदमानी लोकांनी मे 1859 मध्ये वसाहतीवर हल्ला केला. दूधनाथ तिवारी नावाचा पळालेला कैदी वर्षभर त्यांच्यात राहिला होता, त्यांच्यात त्याचे लग्नही झाले होते. त्यानेच परत येऊन इंग्रजांना आधी खबर दिली. धनुष्यबाण बंदुकांपुढे हरले, तिवारीला माफी मिळाली. पुढे 1877 मध्ये गोवराची साथ आली आणि जमातीच्या जमाती संपल्या. हजारोंनी असलेले ग्रेट अंदमानी आज पन्नासच्या आसपास उरले आहेत. कैद्यांच्या हालांबद्दल बोलताना या माणसांचे नाव घेतलेच पाहिजे.

व्हायपर बेट छोटे आहे. सेल्युलर होण्याआधीचा तुरुंग इथे होता, 1860 च्या दशकातला. एका साखळीत अनेकांना बांधून कामाला काढायचे. आता पायऱ्या, पडक्या भिंती आणि टेकडीवर घुमटाखालचा फाशीचा चौथरा. समोर निळे पाणी. बोटवाले वीस-पंचवीस मिनिटेच देतात, तेवढ्यात पाहून होते.

तिथून रॉस, म्हणजे आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. इथे साहेबांची वस्ती होती: चर्च, बेकरी, नाचघर, चीफ कमिशनरचा बंगला. आज वडा-पिंपळाच्या मुळांनी भिंती कवटाळल्या आहेत आणि मध्ये हरणे चरतात. पर्यटक फोटो काढतात तो हा भाग. मला मात्र पहिला सुपरिंटेंडंट डॉ. जेम्स वॉकर आठवत राहिला. 10 मार्च 1858 ला तो 200 कैदी घेऊन आला. बहुतेक 1857 च्या उठावाशी जोडलेले. आल्या आल्या माणसे पळू लागली, जंगलात मेली, काही पकडली गेली. पकडलेल्यांपैकी ऐंशीहून अधिक जणांना वॉकरने एकाच दिवशी फाशी दिले. कलकत्त्याच्या सरकारलाही ते जास्त वाटले आणि त्याला थांबवावे लागले. त्या माणसांची नावे कुठल्याही संगमरवरावर नाहीत.

रविवार

चॅथमहून गाड्यांसकट फेरीबोटीने बांबू फ्लॅटला उतरलो आणि माउंट हॅरिएट चढलो. 2021 पासून तो माउंट मणिपूर आहे. 1891 च्या युद्धानंतर मणिपूरचे राजे कुलचंद्र आणि त्यांचे सहकारी इथे बंदी होते, त्यांचे स्मारक वर आहे. इंफाळहून आलेले एक कुटुंब तिथे हात जोडून उभे होते. त्यांच्यासाठी अंदमान म्हणजे हीच टेकडी. केरळच्या लोकांसाठी ते मोपल्यांचे अंदमान. 1921 च्या मलबारातल्या बंडानंतर आणलेल्या त्या लोकांनी वसवलेल्या गावांची मंजेरी, वंडूर, कालिकत ही नावे अजून तशीच आहेत.

टेकडीखालच्या होपटाउनच्या धक्क्यावर 8 फेब्रुवारी 1872 ला व्हाइसरॉय लॉर्ड मेयोचा खून झाला. तो सूर्यास्त पाहून उतरत होता. शेरअली आफ्रिदी, पूर्वी पेशावरच्या कमिशनरच्या पदरी असलेला स्वार, खुनाच्या आरोपाखाली जन्मठेपेवर आलेला, इथे न्हाव्याचे काम करत होता. अंधारात त्याने सुरा चालवला. हिंदुस्थानात पदावर असताना मारला गेलेला हा एकमेव व्हाइसरॉय. महिनाभराने, 11 मार्चला, शेरअलीला व्हायपरवर फाशी दिले. काल पाहिलेल्या त्याच बेटावर.

आमचा ड्रायव्हर ‘लोकल बॉर्न’, म्हणजे कैद्यांच्या वंशातला. मावशीने विचारायला जरा संकोचत विचारले. तो सहज म्हणाला, “परदादा यूपी से, परदादी मद्रास से। दोनों सज़ा पे आए थे। यहीं शादी हुई।” टिकट मिळालेले पुरुष आणि स्त्री-कैदी यांची लग्ने सरकारच लावून देई, जात, भाषा, धर्म बाजूला राहिले आणि हिंदुस्थानी बोलणारा एक नवाच समाज उभा राहिला. पणजोबाचा गुन्हा काय होता हे त्याच्या घरात कुणी विचारत नाही, असेही त्याने सांगितले.

सोमवार

दुपारचे विमान. सकाळी हंफ्रीगंजला गेलो, कारण मावशीच्या वहीत ते नाव होते.

23 मार्च 1942 ला जपानी आले, तेव्हा इंग्रज गेले म्हणून लोकांना आनंद झाला होता. 29 डिसेंबर 1943 ला नेताजी आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी जिमखाना मैदानावर तिरंगा फडकावला. त्याच वेळी त्याच शहरातल्या सेल्युलर तुरुंगात जपान्यांनी हेरगिरीच्या संशयावरून पकडलेली हिंदी माणसे कोंडलेली होती. त्यांत इंडियन इंडिपेंडन्स लीगचे इथले अध्यक्ष डॉ. दिवाणसिंग होते. नेताजींना त्यांच्यापर्यंत पोचू दिले गेले नाही. छळ सोसत दिवाणसिंग 14 जानेवारी 1944 ला गेले. 30 जानेवारीला आणखी 44 जणांना हंफ्रीगंजला आणून गोळ्या घातल्या. इंग्रजांनी बांधलेल्या कड्या जपान्यांना तशाच उपयोगी पडल्या, आणि आत होते ते पुन्हा आपलेच लोक.

तिथे फारसे कुणी येत नाही. वेदी साधी आहे, भोवती झाडे.

शहरात डॉ. दिवाणसिंगांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. विमानाला अवकाश होता, तिथे गेलो. लंगर चालू होता. मावशी पंगतीत बसली आणि वाढणाऱ्या आजोबांना तिने डॉक्टरांबद्दल विचारले. ते वाढायचे थांबून तिच्याजवळ खाली बसले. डॉक्टर होते, कवी होते, इथल्या मुलांना शिकवायचे, असे सुरू झाले ते ड्रायव्हरने बाहेरून दोनदा हाक मारेपर्यंत सुरूच होते. आम्ही उठलो तेव्हा ते तुरुंगातल्या दिवसांपर्यंत आले होते.